बिनधक्क्याची सकाळ

नव्वदच्या दशकात आम्ही गोडादरा या लूमवाल्यांच्या वस्तीत राहायचो. माझ्या नवऱ्याने कापड विणायच्या लूमचं काम सोडून एक जुनी व्हॅन घेतली होती. तिथली खानदेशी माणसं लग्नाकार्याला गावी नंदुरबार-धुळ्याकडे जायची, त्यांना तो न्यायचा. गाडी पळायला चांगली, पण रात्री उभी केली की सकाळी बॅटरी उतरलेली. रोज नाही, लवकर निघायचं असलं की हटकून. मग शेजारचे गुजराती काका ओरडायचे, "चालो, धक्को मारो!" आणि अर्धी गल्ली चपला सरकवत यायची.

नवी बॅटरी घालून झाली. डायनामो उघडून झाला. गॅरेजवाल्याला काही सापडेना. सासूबाईंनी तर बोनेटला लिंबू-मिरची बांधली.

एके दिवशी नवरा जवळच्या सचिन गावाला भाडं सोडून संध्याकाळी घरी आला, गाडी लावली आणि जेवायला बसला. मी बाहेर दोरीवरचे कपडे काढायला गेले. पांढरी चादर गुलाबी दिसत होती. कशाचा रंग लागला म्हणून ओढली, तर गुलाबी उजेड मागच्या भिंतीवर! वळून बघते तर गाडीचे मागचे दोन्ही दिवे लाल पेटलेले.

"अहो, ब्रेकवर पाय ठेवून बसलात का?"

"मी जेवतोय!" आतून आवाज आला.

"मग ब्रेकचे दिवे कसे लागलेत?"

तो खरकट्या हाताने बाहेर आला. चावी त्याच्या खिशात होती. त्याने पेडल हाताने वर ओढून पाहिलं, दिवे तसेच. आमच्या पंख्याचं बटण असंच आत अडकून बसायचं, ते मला आठवलं.

"पेडलपाशी बटण असेल ना? त्याची वायर काढून बघा."

"तुले काय समजस त्यामां?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

नवऱ्याने वाकून वायर उपटली. भिंत काळी झाली. परत लावली, लाल झाली. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि हसत सुटलो. सकाळी गॅरेजवाला यायचा तोवर बॅटरीत जीवच उरलेला नसायचा, त्याला दिवे पेटलेले दिसणार कुठून?

वायर काढूनच गाडी रात्रभर ठेवली. सकाळी काका बाह्या सरसावून हजर. नवऱ्याने चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्याला घुरघुरली.

"चालू व्हयनी वं माय!" सासूबाई टाळ्या पिटत ओरडल्या.

दुकान उघडताच नवरा नवीन स्विच घेऊन आला. तो बसवल्यावर मला म्हणाला, "तू बस पुढे. मी मागून बघतो."

मी पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या जागेवर बसले. साडी सावरून ब्रेक दाबला.

"लागले!" मागून गल्लीच ओरडली.

पाय उचलला.

"गेले!"

मी पुन्हा दाबला. काही गरज नव्हती, तरी पुन्हा दाबला.