एका दुकानात एकदाच

नोदिरचं एकच वाक्य म्हणायचं राहिलं. "झालं, परीक्षा संपली, आता नेहमीसारखं." कागदावर अगदी खाली ते छापलेलंही होतं. पण ओश शहराची मिनीबस सुटत होती, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता, आणि नोदिरने पायरीवर लटकतच तोलिबला "शाब्बास" म्हटलं, हात हलवला आणि दार ओढून घेतलं. विद्यापीठात जाऊन माणूस संशोधक झाला की असंच होतं. "शाब्बास" म्हणायचं आठवतं, "संपली" म्हणायचं आठवत नाही.

तोलिब उझ्गेन गावचाच. पस्तिशीचा, उंच, मान खाली घालून चालणारा. त्याच्या वागण्याला स्वमग्नता म्हणतात हे गावाला नोदिरमुळे कळलं. त्याआधी लोक "मस्तुराचा तोलिब" म्हणायचे आणि तेवढ्यात सगळं यायचं.

आणि बाजाराच्या तोंडाशी, पाटाच्या कडेला, सलोमतचा तंदूर. साठीच्या बाईने रोज पहाटे खांद्यापर्यंत हात आगीत घालायचा म्हणजे काय होतं ते तिच्या हातांवर दिसायचं. त्यांच्यावर केस म्हणून एक उरला नव्हता. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा तिकडे परदेशात क्रास्नोयार्स्कला, ईदेला फोन करून हवा कशी आहे विचारायचा. जीभ मात्र तिची तंदूरापेक्षा गरम. तिला सगळे खोला म्हणत, म्हणजे मावशी, आणि मावशी म्हटल्यावर टोमणा ऐकून घ्यावाच लागतो.

तोलिब लहानपणापासून तिच्याकडे नान घ्यायला यायचा. आला की म्हणायचा, "खोला, तंदूर कसा आहे?"

"तापलाय. तू कसा?"

"मी तापलो नाही."

रोज तेच, शब्दही इकडचा तिकडे नाही. मग नान हातात घेऊन मधला टोचून उठवलेला ठसा न्याहाळत उभा राहायचा. मागची रांग कुरकुरायची. सलोमत म्हणायची, "ज्यांना घाई आहे त्यांनी काल यायचं होतं."

त्याची आई मस्तुरा गेल्या वसंतात हृदयाच्या दुखण्याने गेली. तिसऱ्या दिवशी तोलिबचा काका होशीम सलोमतकडे आला आणि चहा न घेताच बसून राहिला.

"आपा, माझ्या दोन खोल्यांत आम्ही सात जण. याला डोंगरापलीकडच्या सरकारी घरात ठेवावं लागेल."

"तिथे कोण जातं माहीत आहे ना? ज्यांना कोणी विचारत नाही ते."

"मग हा एकटा राहून खाईल काय?"

"माझ्याकडे येईल. सकाळी नान, संध्याकाळी वाडगाभर काहीतरी. इतकी वर्षं येतोय, आता विसरेल का?"

होशीम वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. म्हणाला, "त्याचे पाय तुमच्या तंदूराकडे वळतायत तोवर राहू दे घरी. ज्या दिवशी वळायचे थांबले, त्या दिवशी मी नेणार. भुकेने मेला तर माझ्या भावाला, याच्या बापाला, वर काय तोंड दाखवू?"

पाय वळत राहिले. संध्याकाळी सलोमत मूग-तांदळाची पातळ खिचडी नाहीतर शोरवा निळ्या काठाच्या वाडग्यात भरून द्यायची, सकाळी वाडगा घासून परत यायचा. कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे मस्तुराने लेकाला शिकवून ठेवलं होतं. त्यामुळे वाडग्यात कधी जर्दाळूच्या बिया, कधी मूठभर तुती. एकदा घरात काहीच नव्हतं तेव्हा त्याने नदीतला पांढरा गोटा धुऊन घातला. सलोमतने तो तराजूशेजारी ठेवला आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, "याला हात लावू नका, हा तोलिबच्या मुदपाकखान्यातून आलाय."

शरद ऋतूत नोदिर आला. ओशला एक प्राध्यापक बाई होत्या, त्यांचा अभ्यास चालला होता: स्वमग्न माणसाचं लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर कसं जातं, ठरवलेलं काम तो तडीला कसं नेतो, आणि मध्येच थांबायचं झालं तर थांबतो कसा. टेबलावर बसवून पत्ते लावायला देण्यापेक्षा खऱ्या बाजारात पाठवून बघायचं, ही नोदिरची कल्पना. बाईंनी त्याची पाठ थोपटली होती. नियम तीनच, कागदावर छापलेले. दिलेल्या पाच वस्तू आणायच्या. कामापुरतंच बोलायचं. आणि ज्या दुकानात एकदा जाऊन आलास तिथे पुन्हा जायचं नाही.

उझ्गेनच्या बाजारात कामापुरतं बोलणारा माणूस म्हणजे ज्याच्या घरात कोणी गेलंय असा माणूस. तोलिब तंदूरापाशी आला, "एक नान," म्हणाला, आणि गप्प.

"आज तंदूराची चौकशी नाही?" सलोमत म्हणाली.

तो गप्प. मागे नोदिर घड्याळ धरून उभा.

"साहेब झालास की रे. तोंडातून शब्द काढायला आता विद्यापीठाची परवानगी लागते का?" रांग हसली. हसली की सलोमतला आवरायचं नाही. "जा मग. उद्यापासून दुसरीकडून घे नान."

तोलिब नान घेऊन गेला. पाची वस्तू आणल्या, एकही नियम मोडला नाही. नोदिरने इतके जण तपासले होते, पण इतकं चोख काम कोणाचं झालं नव्हतं. बाईंना कधी सांगतो असं त्याला झालं, आणि तेवढ्यात तो हॉर्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोलिब पाटापलीकडे येऊन उभा राहिला. हातात निळ्या काठाचा वाडगा, वाडग्यात अक्रोड. पाटावर फळी होती, दोन पावलांची. त्याने फळीकडे पाहिलं, तंदूराकडे पाहिलं आणि वळून पलीकडच्या नानवाल्या मूमिनच्या दुकानात गेला.

सलोमतला आपलेच शब्द आठवले. मीच बोलले. लोकांना हसवायला बोलले आणि त्याने खरं धरलं.

त्याच्या पुढच्या दिवशी तिने पीठ तसंच टाकून हाक मारली, "तोलिब, ये रे इकडे. गंमत केली होती मी."

"तिथे जाऊन झालंय, खोला," तो जमिनीकडे बघत म्हणाला, आणि चालू लागला.

जाऊन झालंय. म्हणजे पुरे झालं, असंच तिला ऐकू आलं. रांगेतल्या बायका बघत होत्या. ती तंदूरात वाकली आणि नको इतका वेळ वाकलेली राहिली.

मूमिनला तर सणच झाला. "काय आपा, तुमचं जुनं गिऱ्हाईक आमच्याकडे. आमच्या नानला चव आली असेल."

"चव नाही, जवळ पडत असेल," सलोमत म्हणाली. त्या दिवशी तिचे नान करपले.

वाडग्याभर खिचडी ती रोज संध्याकाळी करत राहिली आणि रात्री शेजारच्या कोंबड्यांना घालत राहिली. एकदा गुडघे चोळत नदीपलीकडे त्याच्या घरी जाऊन आली. दाराला कुलूप. तो त्या वेळी बस अड्ड्याच्याही पुढे दुकान शोधत होता, पण तिला वाटलं, काकाकडे जेवत असेल. काकाला वाटत होतं, खोलाकडे जेवत असेल.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. दुकानदार सलोमतच्या तंदूराभोवती चहा घेऊन बसले, कारण बाजारात फुकटची ऊब तेवढीच.

"तुमचा तोलिब," मूमिन म्हणाला, "आमच्याकडे एकदाच आला हो. नंतर नाही. रोज दारावरून जातो, आत बघतो, पुढे जातो."

"आमच्याकडेही एकदा," कोपऱ्यावरचा नानवाला म्हणाला. "मला वाटलं, उरलेले पैसे कमी दिले की काय मी."

"माझ्याकडून एकदा साखर नेली."

"माझ्याकडून एकदा अंडी. परवा बाहेर उभा होता, म्हटलं ये, तर म्हणतो जाऊन झालंय."

सलोमतने पेला खाली ठेवला.

"काय म्हणाला?"

"जाऊन झालंय म्हणाला."

ती मग मूमिनला म्हणाली, "त्या नोदिरचा नंबर लाव."

फोनवर नोदिर खुशीत होता. "खोला, तोलिबचं काम बाईंनी परिषदेत दाखवलं. नियम धरून ठेवण्यात तो सगळ्यांत वर."

"कुठला नियम, पोरा?"

त्याने तिन्ही सांगितले.

"आणि हे आता संपलं, असं त्याला कधी सांगितलंस?"

"बस सुटत होती, खोला," पलीकडून नोदिर म्हणाला.

तंदूराभोवती कोणी चहा संपवला नाही. गावातली दुकानं रोज एकेक करून त्याच्यापुरती बंद होत गेली होती, आणि ज्याचं त्याचं दुकान तर सताड उघडं होतं.

सलोमत शालीत गरम नान गुंडाळून निघाली, मूमिनने गाडी काढली. दाराला कुलूप, अंगणातल्या बर्फात चाकांच्या खुणा. होशीम त्याच्या घरी भेटला. "सकाळी नेलं," तो म्हणाला. "घरात चहा आणि मीठ, बाकी काही नाही. अंगावर कपडे लोंबत होते. तुम्ही म्हणाला होतात पाय वळतील. नाही वळले, आपा." सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

रविवारी नोदिर ओशहून आला आणि सलोमतबरोबर डोंगरापलीकडे गेला. वाटेत तो दोनदा काहीतरी बोलायला लागला. दोन्ही वेळा ती म्हणाली, "नंतर." तिसऱ्यांदा स्वतःच म्हणाली, "मीही म्हटलं होतं त्याला, दुसरीकडे जा. तू एकटाच नाहीस."

लांबलचक खोली, खाटा, उकडलेल्या कोबीचा वास. तोलिब खिडकीजवळच्या खाटेवर होता. केस बारीक कापलेले, कोट घडी करून मांडीवर.

नोदिर त्याच्यासमोर बसला. अगदी कागदावर होतं तसं म्हणाला, "झालं, परीक्षा संपली, आता नेहमीसारखं."

तोलिबने मान हलवली. उठला. कोट घातला, बटणं वरून खाली एकेक लावली आणि दाराकडे चालू लागला.

दारातल्या परिचारिकेने हात आडवा केला. "कुठे निघालास?"

"नान आणायला. खोलाकडे."

"बाहेर जाता येत नाही, बाळा. बस जा."

तो परत आला. नोदिरकडे बघून शांतपणे विचारलं, "हा दुसरा नियम आहे का?"

नोदिर बाहेर गेला आणि व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नंतर तोलिबला घरी सोडावं म्हणून त्याने अर्ज केले, बाईंची शिफारस आणली, होशीमची सही घेतली. समिती वसंतात बसेल असं सांगितलं गेलं. वसंतात बसली, आणि पुढच्या वसंतावर ढकललं.

पण त्या रविवारी सलोमतने शाल सोडली. नान गार झाला होता. तोलिबने तो दोन्ही हातांत धरला आणि मधला ठसा बघत बसला. इथे मागे रांग नव्हती. बऱ्याच वेळाने म्हणाला, "खोला, तंदूर कसा आहे?"

"तापलाय," ती म्हणाली. "तू कसा?"

"मी तापलो नाही."

मग त्याला आठवलं. "तुमचा वाडगा राहिलाय. घरी आहे, फळीवर. रिकामा नाही, अक्रोड आहेत."

"असू दे."

"उद्या आणतो."

"आण," सलोमत म्हणाली.

परतल्यावर होशीम तंदूरापाशी आला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, घराची किल्ली माझ्याकडे आहे, तुमचा वाडगा संध्याकाळपर्यंत पाठवून देतो.

"हात लावू नका त्याला," सलोमत म्हणाली, आणि पुढचा नान थापायला घेतला. "तो आणणार आहे."