जयरामच्या चड्डीची माती

चांदीपचा जयराम मातीतल्या प्रत्येक जिवाला आपला वैरी समजायचा. गांडूळ दिसलं की फावड्यानं दोन तुकडे, मुंगी दिसली की पावडर. "माझ्या वाफ्यात मुंगीपन पाय ठेवत नाय," असं तो नाक्यावर ऐटीत सांगायचा. पस्तीस वर्षं गावात वांगी म्हणजे जयरामची वांगी. आता मात्र दोन वर्षं झाडं गुडघ्याच्या वर जायला तयार नव्हती. खत दुप्पट ओतलं तरी पानं पिवळीच, आणि पाणी सुकलं की माती लादीसारखी घट्ट.

वाडीच्या मागच्या तुकड्यात त्याची बायको बायजा भाजी लावायची. ती तिथं काय टाकत नसे ते विचारा! शेण, पेंढा, सुका पाला, मासळीचं धुवण. जयराम त्याला उकिरडा म्हणायचा. त्या उकिरड्यातली वांगी मात्र तो दोनदा वाढून घ्यायचा.

सून तेजस्वी तुळिंजच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, पण वनस्पतिशास्त्र शिकलेली. ती म्हणाली, "बाबा, मातीची तब्येत तपासू या. तुमच्या तुकड्यात एक आणि आईंच्या तुकड्यात एक, अशा दोन सुती चड्ड्या पुरायच्या. दोन महिन्यांनी काढायच्या, आणि मग..."

"समजलं," जयराम म्हणाला. पुढचं ऐकून घेणं त्याच्या रक्तातच नव्हतं. "ज्याची माती निरोगी, त्यानं सगळी वाडी चालवायची. हरलेल्यानं हाताखाली राबायचं. काय गं बायजा, कबूल?"

"कबूल," बायजा म्हणाली.

विरारच्या बाजारातून आणलेल्या, घडीही न मोडलेल्या चड्ड्या मातीआड झाल्या. आपल्या चड्डीला कीड लागू नये म्हणून जयरामनं खड्ड्यात ओंजळभर पावडर टाकली आणि वरूनही भुरभुरली.

दोन महिन्यांनी त्याची चड्डी निघाली ती जशीच्या तशी. झटकून लग्नाला घालून जावी अशी. बायजाच्या खड्ड्यातून निघालं नुसतं इलॅस्टिक आणि त्याला लोंबणारी दोन गांडुळं.

"खाल्ली! हिच्या किड्यांनी चड्डी खाल्ली!" जयराम नाचायचाच बाकी होता. "जिंकलो!"

तेजस्वीला हसू आवरेना. "बाबा, तुम्ही हरलात. जिवंत माती सूत खाते. पाला, शेणही तशीच खाते. गांडुळं आणि डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव ते कुजवतात, म्हणून झाडाला जेवण मिळतं. त्यांच्या येण्याजाण्यानं माती भुसभुशीत राहते. तुमच्याकडे खायला कुणी उरलंच नाही."

जयरामनं हातातली चड्डी खाली ठेवली. बायजाच्या तुकड्यातली माती त्यानं मुठीत घेतली, हुंगली, मग आपली हुंगली. आपल्या मातीला वासच नव्हता. त्याला फार वाईट वाटलं.

"म्हंजी, भरवनाऱ्यांनाच मारत आलो मी?"

टोमणा मारायची अशी संधी उभ्या संसारात आली नव्हती, आणि ती सोडेल ती बायजा कसली! "चड्डी टाकू नका हां," ती म्हणाली. "धुवून घाला, अजून चार वर्सं जाईल."

एरवी जयराम भडकला असता. आज तो शेणाच्या ढिगाकडे बघत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "कुठनं सुरू करू?"

बायजानं आधी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं, मग शेणाचं घमेलं त्याच्या हातात दिलं. पस्तीस वर्षांत त्यानं तिला वाडीतलं काही विचारलं नव्हतं.