फुफीचा चेहरा बघायचा राहिला

मंडळी, आज लिहायचं त्राण नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहाटे नागावची माझी फुफी, म्हणजे आत्या, गेली. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं होतं. दुपारच्या, जोहरच्या नमाजानंतर दफन ठरलं. नऊच्या गाडीसाठी मी साडेआठलाच काशीदच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले.

नऊची गाडी आलीच नाही. दहाची आली ती खचाखच भरलेली, थांबलीसुद्धा नाही. रविवार असल्यामुळे सगळ्या रिक्षा पर्यटकांनी घेतलेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींना हात केले, कुणी थांबलं नाही.

फुफीच्या मुलाचा फोन आला. "आपा, निघालीस का? किती वेळ थांबवू?"

"गाडी येईल आता," मी म्हणत राहिले.

गाडी आली दीडला. मी पोचले तेव्हा माणसं कब्रस्तानातून परतत होती. आमच्यात बायका तिथे जात नाहीत. चेहरा बघायचा तो घरीच.

"अर्धा तास थांबवलं होतं आपा," फुफीचा मुलगा खाली बघत म्हणाला.

मला कुणीच काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

गाडी चुकली की आपण शाळेचं, नोकरीचं रडतो. तुमचं कधी असं माणूस राहून गेलंय का?