शिट्टी वाजली, पण माणूस हललं न्हाय

मंडळी, पुढच्या महिन्यात कोकणात समुद्रात कयाक, म्हणजे एकटीनं वल्हवायची होडी, घेऊन जायचंय. म्हणून आज कळंबजवळच्या धरणात सराव केला.

मुद्दाम होडी उलटवली, तिला धरून मदतीसाठी जीव खाऊन शिट्टी फुंकली. काठावर ज्वारी राखणाऱ्या मामांनी मानसुद्धा वर केली न्हाय!

बाहेर येऊन विचारलं, "मामा, शिट्टी ऐकली न्हाय का?"

"ऐकली की पोरी! मला वाटलं, पल्याड कुणीतरी पाखरं हाकलतंय."

आधी हसू आलं, मग ध्यानात आलं, समुद्रातबी नुसत्या शिट्टीनं कुणी मदतीला यायचं न्हाय.

आता ठरलं. शिट्टी राहीलच, पण अंगावरच्या तरंगत्या जॅकेटच्या खिशात नारिंगी धुराचं नळकांडं आणि लुकलुकणारा दिवाही पाहिजे. त्याशिवाय मी समुद्रात उतरणार न्हाय.

माझ्या शिट्टीनं पाखरं उडाली असतील, माणूस हललं न्हाय. तुमच्याकडं हललं असतं का?