हळदीच्या डब्यातल्या पिना

माझ्या पोटात काही राहत नाही, असा माझा लौकिक आहे. शेजारीण कानात काही बोलली की विहिरीवर पोचायच्या आत मी ते चौघींना सांगून मोकळी होते. मुलगी तर म्हणते, आईला गुपित सांगण्यापेक्षा गावात दवंडी पिटलेली बरी. खरं आहे तिचं. पण एक गोष्ट राहिली माझ्या पोटात — आणि चांगली मुरली. यांना सांगितली नाही, आणि आता हे राहिले नाहीत. मुलीला सांगायची तर ती त्या गोष्टीत स्वतःच आहे, टाचेपुरती का होईना. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणूनच बरं.

आम्ही मोटारीत राहत होतो. हसू नका. घर बांधायला पैसे नव्हते म्हणून नाही, आणि हौस म्हणूनही नाही. हे सडक बांधणाऱ्या एका ठेकेदाराकडे हजेरी लिहायचे. आज सडक अर्जुनी नावाच्या गावाजवळ खडी पडते आहे, चार महिन्यांनी मुक्काम रायपूरच्या बाजूला आणखी पुढे. बिऱ्हाड कुठे करणार? मी गावी, सासरच्या घरी. त्या घरात आम्ही चौदा माणसं. हे महिन्यातून एकदा यायचे, तेही एका दिवसासाठी, आणि त्या एका दिवसात आम्हाला एकमेकांशी बोलायला सापडायची ती गोठ्याची वाट. सहा वर्षं! गाईला माहीत होतं आमचं सगळं, घरात कुणाला नव्हतं.

मग स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी कामठीला पलटणीच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक यांनी घेतली. लढाईच्या काळातली, जखमी शिपायांना नेणारी गाडी होती ती. वरून राखाडी रंग फासला होता, पण बाजूचा लाल क्रॉस त्यातूनही फिका गुलाबी दिसायचा. यांना मोटारीतलं काही कळत नव्हतं. खिळा ठोकायला सांगावं तर अंगठा ठोकून घेणारा माणूस. इंजिन चालू होतं, चाकं चार होती, एवढं पाहून व्यवहार केला. आतून नीट पाहिलीच नाही, आत टायरं भरली होती म्हणे. मुक्काम हलला की ठेकेदाराचा ट्रकवाला ती चालवून द्यायचा.

गाडी आली त्या दिवशी, गावाहून नुकतीच आलेली मी मुक्कामावर एकटी होते. हे पुलाच्या कामावर गेले होते. कामठीहून गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर म्हातारा होता, नाकावर चष्मा, तोंडात पान. त्यानं मला गाडी अशी दाखवली जशी एखादा बाप मुलगी दाखवतो. मागचं दोन फळ्यांचं दार. जाळीच्या खिडक्या. पुढच्या अंगाला आडवा रुंद ओटा — दोघांना झोपायला ऐसपैस. आणि मग डाव्या भिंतीला टेकवलेली एक लांब फळी. त्यानं ती खाली पाडली, साखळ्यांवर धरली, आणि दोन बाजूंना बोटाएवढ्या दोन लोखंडी पिना खोचल्या. झाला पलंग. स्वतः बसून दाखवलं.

“ये दो पिन संभालना, बेटी,” तो म्हणाला. “ये खो गए तो तख्ता बेकार।”

चहा पिऊन तो बसनं निघून गेला. आणि मी त्या फळीकडे बघत राहिले.

का? ते आधी सांगायला हवं होतं, मी टाळत होते. यांनी मला बजावून सांगितलं होतं — आठ दिवसांनी आई येईल. जागा असली तर आपल्यासोबतच राहील.

आई म्हणजे माझी सासू. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. आता तुम्ही म्हणाल, सासू छळवादी असेल. नव्हती हो! तीच तर पंचाईत आहे. छळवादी असती तर मी ही गोष्ट केव्हाच विहिरीवर सांगितली असती आणि बायकांनी माझी पाठ थोपटली असती. आत्याबाईनं मला सहा वर्षांत एक वाकडा शब्द दिला नाही. मला मूल होत नव्हतं तेव्हा मोठ्या जावेनं टोमणा मारला, तर तिनं भर जेवणात जावेला गप्प केलं होतं. मामंजी गेल्यापासून ती घराच्या सपरीत, दाराबाहेरच्या ओसरीवर झोपायची. तिला कुणी टाकून बोलत नव्हतं, पण कुणाला तिची गरजही नव्हती. आणि हा धाकटा लेक तिचा फार लाडका.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी उठले, दोन्ही पिना उपसल्या, फळी भिंतीला लावली, आणि पिना हळदीच्या डब्यात तळाशी घातल्या. वरून हळद. मसाल्याच्या डब्याला यांचा हात कधी लागत नव्हता.

मला फक्त ते हवे होते. चार भिंतींच्या आत, दार लावून, एकटे. पत्र्याच्या का होईना.

हे आले तेव्हा मी सांगितलं, फळी आहे, पण तिच्या पिनाच नाहीत. त्यांनी म्हटलं, लोहाराला विचारू. मुक्कामावर लोहार होता, पहारींना धार लावायचा. मी म्हटलं, विचारलं मी, तो म्हणतो पलटणीचं काम आहे, इकडे नाही व्हायचं. लोहाराला मी काहीच विचारलं नव्हतं. पण यांनी विश्वास ठेवला. यांचा स्वभावच तसा — हजेरीत अंगठा उठवला की माणूस आला, असं मानणारा.

आठव्या दिवशी आत्याबाई बसमधून उतरली. डोक्यावर गाठोडं, हातात पितळी लोटा, काखेत गोधडी. लाखोळीची डाळ आणली होती, पोहे आणले होते. गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्याला हात लावला, आणि लहान पोरीसारखी हसली. मग आत आली. मी दाखवलं — हा ओटा, ही चूल ठेवायची जागा, ही पेटी. मधे जायला-यायला हातभर वाट. आणि ही फळी... मोडकी आहे.

तिनं गाठोडं खाली ठेवलं.

“मी खाली पडून राईन वं,” ती म्हणाली. “मले किती जागा लागते?”

मी म्हटलं, आत्याबाई, खाली पत्रा गार पडतो, तुमचे गुडघे धरतील. किती काळजी होती ना माझ्या आवाजात? ती मला अजून ऐकू येते. हे मान खाली घालून उभे होते. आत्याबाईनं यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “जाऊ दे बापू. जागा नाई त नाई. कायले जीव टांगून घेता?”

दुपारी जेवली आणि संध्याकाळच्या बसनं परत गेली. जाताना गोधडी ठेवून गेली. म्हणाली, सडकेवर थंडी जास्त असते, तुम्हाला लागेल.

मागून कळलं की येण्याआधी तिनं आपली शेळी मोठ्या जावेला देऊन टाकली होती. साऱ्या गावाला सांगितलं होतं — मी आता मोटारीत राहायला जाऊन राहिली. चार दिवस घरोघर निरोप घेऊन निघालेली बाई त्याच दिवशी गाठोड्यासकट परत! गाव सोडतं होय? तेव्हापासून तिचं नाव पडलं ‘मोटारवाली बुढी’. पोरं तिला पाहून तोंडानं भोंगा वाजवायची.

आणि मी? मी सुखात होते. हे मी लपवणार नाही. एवढं लपवलं ते पुरे. पहिल्याच दिवशी मी हौसेनं पत्र्याची जमीन शेणानं सारवली — घर म्हटलं की सारवायला नको? दुपारपर्यंत वाळून सगळं शेण पापडासारखं सुटून वर आलं, आणि हे पोट धरून हसले. डांबराच्या डब्यात तुळस लावली, मुक्काम हलला की मी ती मांडीवर घेऊन बसायचे. सकाळी दार उघडलं की कधी बांधी, म्हणजे धानाचं शेत, कधी साग, कधी नुसती सडक आणि धूळ. जेवताना बोलायचो, झोपताना बोलायचो. सहा वर्षांचं साचलेलं होतं. रोज भाजीत हळद घालताना चमचा तळाला टेकायचा आणि खण्ण वाजायचं. सुरुवातीला मी दचकून दाराकडे बघायचे. पुढे त्या आवाजाची सवय झाली.

सव्वा वर्षानं मला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण आईकडे व्हायचं, पण माझं माहेर पडलं जंगलात, बैलगाडीचे दोन दिवस, आणि इतक्या वर्षांनी राहिलेलं पोर — हे म्हणाले, धक्के नकोत, इथे सडकेवर दवाखाना जवळ आहे, तुझी आईच येऊ दे. आईला पत्र गेलं.

आता येते ती जागा, जिच्याभोवती मी केव्हाची घिरट्या घालते आहे. सासूला परत पाठवली, हे वाईटच. पण माणूस म्हणेल, तरुण पोर होती, नवऱ्यासाठी जीव तुटत होता. मीही तसंच म्हणत आले असते. पण माझी आई यायची त्याच्या आदल्या दिवशी मी हळदीचा डबा ताटात पालथा केला. पिना पुसल्या. फळी पाडली, साखळ्या लावल्या, पिना खोचल्या. सरळ बसल्या. आणि फळीवर अंथरली ती आत्याबाईची गोधडी, कारण तेवढीच एक जाड होती.

यांना सांगितलं, नव्या लोहाराकडून करून घेतल्या. हे किती खूश झाले! म्हणाले, मग आता तुझी आई गेली की माझ्या आईलाही आणू. मी हो म्हटलं.

माझी आई दीड महिना त्या फळीवर झोपली. तिचे गुडघे कसे आहेत, मी एकदाही विचारलं नाही.

मुलगी झाली. बारशाला आत्याबाई आली, थोरल्या दिरांसोबत. दोन वर्षांत वाळली होती. दारातून आत आली आणि थांबली. फळी पाहिली. फळीवरची गोधडी पाहिली. माझी आई बिचारी सरळ बाई, तिला काय ठाऊक? ती म्हणाली, बसा ना विहीणबाई, चांगली मजबूत आहे. आणि नातीचं पाणी तापवायला बाहेर गेली.

मी ओट्यावर मुलीला पाजत बसले होते. आत्याबाईनं फळीवर हात ठेवला. दाबून पाहिली. मग हात सरकत सरकत पिनेपाशी गेला. तिनं ती पिन अर्धी बाहेर ओढली, बोटानं चाचपली, आणि पुन्हा नीट आत बसवली. पिनेला आटे होते. मी कितीही पुसलं तरी आट्यांत दोन वर्षांची हळद बसली होती. तिच्या बोटाला पिवळं लागलं. तिनं बोट नाकाशी नेलं.

मग माझ्याकडे पाहिलं.

आता काय बोलेल, कुणाला बोलावेल? हे बाहेरच होते, दिरांशी बोलत होते. एक हाक, आणि संपलं होतं सगळं. पण ती जवळ आली, खाली वाकली, आणि ते बोट माझ्या मुलीच्या टाचेला पुसलं. अगदी हलक्या हातानं. लेकराला हळद लावतात तशी.

“घटकाभर निजू काय वं इथं?” तिनं विचारलं.

मी मान हलवली. ती फळीवर चढली, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली. लगेच डोळा लागला तिचा. एवढीशी बाई. पायांकडची अर्धी फळी रिकामीच राहिली होती.

दुपार कलल्यावर उठली. हे मोठ्या आनंदानं म्हणाले, आई, आता फळी झाली, चल राहायला. मी मुलीचं दुपटं सारखं करत बसले.

“आता कायले रे बापू,” ती म्हणाली. “नवी शेळी घेतली मी. गाभण आहे. तिले कोण पायीन?”

माझ्याकडे बघितलं नाही. आणि ती नाही म्हणाली तेव्हा मला काय वाटलं, ठाऊक आहे? लाज नाही. हायसं वाटलं. हे म्हणायलाच मला इतकी वर्षं लागली.

पुढच्या वर्षी, धान कापणीच्या दिवसांत, ती थोरल्या दिरांच्या घरी, त्याच सपरीत वारली. शेवटपर्यंत गाव तिला मोटारवाली बुढी म्हणत होतं. मोटारीत ती झोपली होती एक दुपार.

बारशानंतर माझी आई परत गेल्यावर मी फळी उचलून भिंतीला लावली आणि पिना साध्या खिळ्याला टांगल्या, सगळ्यांसमोर. आम्ही त्या गाडीत आणखी चार वर्षं राहिलो. सुखात राहिलो.