पाइनखालची सतरावी चौकट

लग्नानंतर मी दुबईत, करामाला राहायला आले तेव्हा पीएचडीचं लिखाण बाकी होतं. उत्तराखंडातल्या नैसर्गिक पाइनच्या जंगलात, त्या उंच झाडांच्या खाली काय काय उगवतं, हा माझा विषय. दोन हंगाम मी उतारांवर मीटरभराची चौकट मांडून आतली रोपं मोजली होती. आता जवळ फक्त वह्या होत्या आणि दुपारभर घुमणारा एसी.

शेजारच्या खाला रत्नागिरीच्या. मुलं कामाला गेली की माझ्याकडे येऊन बसायच्या. "वाचतेस पण तूच, टाइप पण तूच करतेस. चुकशील गो. दे इकडं," म्हणत त्यांनी एकदा वही ओढून घेतली. तेव्हापासून त्या आकडे वाचायच्या, मी कॉम्प्युटरवर भरायची.

"नेचे चार. हिसालू एक. हे हिसालू म्हणजे काय?"

मी सांगायची, काटेरी जाळीतली पिवळी रानफळं. त्या डोळे मिटून ऐकायच्या. पडद्यातून गाळून आलेलं ऊन भिंतीवर हलायचं, आणि बघता बघता खोलीत पाइनच्या राळेचा वास भरल्यासारखा वाटायचा.

एका दुपारी त्या थांबल्या. "चौकट सतरा. शून्य. सगळीकडे काही ना काही आहे, मग इथंच कसं काही नाही?"

मला तो दिवस आठवला. धुकं उतार चढून वर येत होतं. पाइनच्या वाळलेल्या, सुईसारख्या पानांचा थर जाड, उबदार होता. घटकाभर टेकले आणि झोपच लागली. जाग आली तेव्हा जीपवाला खालून हाका मारत होता. न मोजताच मी शून्य लिहिलं आणि उतरले. पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

खालांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "मग काढून टाक. खलास."

"माझे गाइड सर काय म्हणतील?"

"म्हणतील ते ऐकून घे."

सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती नोंद वगळा. का वगळली, तेही प्रबंधात लिहा."

ती चार वाक्यं लिहायला मला दोन दिवस लागले. ऑनलाइन तोंडी परीक्षेत त्यावरच पहिला प्रश्न आला. मी जे घडलं ते सांगितलं. परीक्षकांनी मान डोलावली आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी खाला नेहमीच्या वेळी आल्या. भरायला आकडे नव्हते. चहा घेत त्या माहेरच्या काजूच्या बागेबद्दल बोलत राहिल्या, आणि मी ऐकत राहिले.