पाच वाव, शिंपल्यांचा चुरा

आमच्या खानदानात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला. बी.एससी., इलेक्ट्रॉनिक्स. हे मिरवायला सांगत नाही... बरं, थोडं मिरवायलाही. पण गावात कुणी म्हणालं की अमक्याच्या घरात आपोआप दिवे लागतात, तर "मल्टिमीटर लावून बघितला का?" असं विचारणारा मी होतो. म्हणून हे लिहायला दोन वर्षं लागली.

मी बहारीनला मुहर्रकमध्ये, बोटींचे वायरलेस दुरुस्त करणाऱ्या दुकानात आहे. विमान उतरलं की आमच्या काचा थरथरतात, इतका एअरपोर्ट जवळ. गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. अब्बा तांडेल, म्हणजे होडी चालवणारे. त्यांना अक्षर येत नाही, आकडे येतात. मला ते शाळेच्या आधी त्यांनीच शिकवले, होडीवर. दोरीला शिशाचा गोळा बांधायचा, बुडाला चरबी लावायची, पाण्यात सोडायचा. किती खोल ते दोरी सांगते, तळाला काय आहे ते चरबीला चिकटून वर येतं. मग अब्बा ओरडायचे, "लिव! सात वाव, चिखल!" आणि मी वहीत लिहायचो. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं. आजही कामाचे आकडे मी मराठीतच लिहितो. दुकानात त्यावरून माझी चेष्टा होते.

त्या गुरुवारी अब्बांची होडी बंदरात न येऊन दोन दिवस झाले होते. बरोबर दोन खलाशी. मोबाइल बंद. आणि होडीवर वायरलेस नव्हता — तो आमच्या घरी कपाटावर होता, मागच्या लिव्हला, सुट्टीवर आलो तेव्हा, मीच खोलून ठेवलेला. "पार्ट तिकडून पाठवतो, अब्बा," म्हणालो आणि विसरलो. इलेक्ट्रॉनिक्सवाला मी!

संध्याकाळच्या विमानाचं तिकीट मिळालं होतं. तोवर खोलीवर बसवेना म्हणून दुकानातच होतो. जोहरची, म्हणजे दुपारची नमाज नुकतीच झाली होती. काउंटर सांभाळणाऱ्या केरळच्या शाजीने एका गिऱ्हाइकाचा स्कॅनर पुढे केला. हातात मावणारा रेडिओ. यावर बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं. भरून दिलेल्या फ्रिक्वेन्सी तो एकामागून एक तपासतो आणि आवाज सापडला की थांबतो. माझं सगळं लक्ष घरच्या फोनकडे होतं, म्हणून बोटींच्या फ्रिक्वेन्सी मी कागदावर लिहून दिल्या आणि बटणं शाजी दाबायला लागला.

"बीएससी, स्टेप कितना रखूँ?" दुकानात मला हेच नाव; स्टेप म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर.

"पच्चीस. और स्क्वेल्च थोडा चढ़ा, खरखर बंद होने तक."

"तेरा लिखा हुआ तो अल्लाच पढ़ेगा," तो म्हणाला. मला हसवायला म्हणाला, बिचारा.

स्कॅन सुरू झालं. आकडे पळत होते. एकाएकी थांबले.

"लिव."

मला वाटलं, मीच मनात बोललो.

"लिव, पोरा. नऊ वाव, चिखल." मागे पाण्याचा चप्-चप् आवाज. "सात वाव, वाळू." दम लागलेला, घसा सुकलेला. "पाच वाव. पाच... शिंपल्यांचा चुरा."

मी लिहीत होतो. घाबरलो नाही, रडलो नाही. पेन उचलला आणि लिहिलं, आठ वर्षांचा असताना लिहायचो तसंच. मग स्कॅनर पुढे पळाला.

शाजी बघतच राहिला. "कौन बुड्ढा था? तेरी भाषा बोल रहा था..."

आमच्या बाजूला पाच वावांवर शिंपल्यांचा चुरा एकाच ठिकाणी लागतो — कासव्या खडकाच्या मागे. तिथे कुणी जात नाही, जाळी फाटतात. मी धाकट्या भावाला, इक्बालला फोन लावला.

"भाई, सगळ्या होड्या वरच्या अंगाला शोधतायत. वारा तिकडंच नेतो."

"तू खाली जा. कासव्याच्या मागे."

"तुला बहारीनमधून दिसतंय काय?"

"इक्बाल, जा म्हटलं ना! यल्ला!"

फोन ठेवून मी स्कॅनर हातात घेतला. आवाज जिथे थांबला होता तिथे आकडा होता ९५६.८००. मी लिहिलं होतं १५६.८००, बोटींचं हाक मारायचं चॅनल. बाकीचे आकडे शाजीला सवयीने कळले, पण आपला मराठी एक त्याला घाईत इंग्रजी नऊ वाटला होता. त्या चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर मोबाइल टॉवरची घर्र असते, माणसाचा आवाज उमटूच शकत नाही. परत लावून बघितलं. घर्र. नुसती घर्र.

चार वाजता इक्बालचा फोन आला. तिकडे अडीच तास पुढे, मगरिबची, सूर्य बुडायची वेळ. आधी वारा, मग त्याचं रडणं, मग शब्द: "मिळाले, भाई... तिघं पण." इंजिन बंद, लंगर तुटलेला. जाळ्यांचे दगड दोरीला बांधून अब्बांनी होडी खडकापासून धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, सलाइन लावलेल्या अब्बांना मी विचारलं, काल दुपारी काय करत होतात?

"पानी मोजत होतो. लिवणारा कोण नव्हता. तरी तोंडातून निघालं."

दापोली ते मुहर्रक किती समुद्र आहे ते नकाशात बघा. ज्या माणसाच्या हातात रेडिओच नव्हता, त्याचा आवाज चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर, शाजीच्या देखत... पुस्तकं चाळली, माझ्या कॉलेजच्या सरांना विचारलं. सर हसले नाहीत, त्यांनी दोन्ही आकडे लिहून घेतले.

वायरलेस मी त्याच लिव्हमध्ये होडीवर बसवला. स्वतःच्या हातांनी, तीनदा तपासून. तो वावांचा कागद अजून पाकिटात आहे. अब्बांना दाखवला आणि म्हटलं, अब्बा, हे कसं झालं ते माझ्या डिग्रीत कुठेच नाही.

त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. नऊ, सात, पाच.

"बरोबर लिवलंस ना?" म्हणाले. "मग झालं तर."